देवखोपची लाईन

मंदाकिनीताईंना गाडीचं लायसन्स मिळालं तेव्हा त्यांची साठी उलटली होती. मानपाडा रोडवरच्या आमच्या सोसायटीत त्या दिवशी त्यांच्या नवऱ्याने, आनंदरावांनी, घरोघर पेढे वाटले आणि प्रत्येक दारात एकच वाक्य ऐकवलं, "गाडी ती चालवणार आहे. पोराबाळांना जपा."

आनंदराव स्वतः कधी सायकलच्या पुढे गेले नाहीत. अंबरनाथच्या कारखान्यात नोकरी. सकाळी भरलेला डबा घेऊन निघायचं, संध्याकाळी रिकामा घेऊन परतायचं, एवढाच त्यांचा आयुष्यभराचा प्रवास. मंदाकिनीताईंचं उलट. त्या कल्याण पूर्वेला कोळसेवाडीतल्या चाळीत वाढल्या. वडील रेल्वेत पॉइंट्समन. ते सांधे बदलायचे आणि ही पोरगी विचारायची, ही गाडी कुठे जाणार? तिथून पुढे काय? आणि त्याच्या पुढे? चाळीतल्या बायका तिला भोचक म्हणायच्या. "भोचक नाही, चौकस," असं त्या अजूनही दुरुस्त करतात.

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते आणि मला फोनवरचा नकाशा वाचता येतो. एवढ्याच भांडवलावर पुढे त्यांच्या लांबच्या प्रवासात माझी वर्णी लागली.

गाडी सेकंडहँड, चंदेरी रंगाची, एका दारावर आधीच्या मालकाने आणलेला पोचा. सुरुवातीला ताई भल्या सकाळी एमआयडीसीतल्या रिकाम्या रस्त्यांवर हात बसवायच्या. मग टँकरांच्या रांगेतून, मग थेट शीळफाट्यापर्यंत. शीळफाट्याच्या कोंडीत ज्याला क्लच सांभाळता आला तो हिमालयातही गाडी नेईल, असं त्यांचे शिकवणारे म्हणायचे. एका रविवारी ताई शीळफाट्यावरून परत आल्या, गाडी जागेवर लावली आणि खाली उभ्या असलेल्या आनंदरावांना म्हणाल्या, "झालं माझं शिकून. आता लांब जायचं."

"कुठे? लोणावळा?"

"देवखोप."

आनंदरावांनी कपाळाला हात लावला. मी विचारलं, "ते कुठे आलं?"

"तेच तर हिला बघायचंय," आनंदराव म्हणाले. "लग्न झाल्यापासून ऐकतोय मी हे देवखोप."

मग त्यांच्याकडे चहाला बसून मी सगळी हकिकत ऐकली.

विशीत असताना मंदाकिनीताई कल्याणच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागल्या. तेव्हा परगावी फोन करायचा म्हणजे ट्रंक कॉल बुक करावा लागे. कानाला हेडफोन लावलेल्या मुली एका लांबलचक बोर्डापुढे बसत, दिवा लागला की त्या भोकात प्लग घालून विचारत, "नंबर सांगा." आडगावांचे फोन तर सगळे त्यांच्याच हातून जायचे. त्यातलं एक आडगाव म्हणजे देवखोप. टोकावड्याच्या आत, डोंगराच्या कुशीत, गोऱ्या पाद्र्यांनी शंभरावर वर्षांपूर्वी वसवलेलं मिशन. चर्च, दवाखाना, मुलींची शाळा. गावात फोन एकच, मिशनच्या दवाखान्याच्या भिंतीवरचा. बांबूच्या खांबांवरून गेलेली ती एक तार पार डोंगरापर्यंत जायची आणि वारा सुटला की बंद पडायची.

तिकडून बोलायच्या त्या दवाखान्याच्या नर्सबाई, हेमाबाई. मूळच्या नगरच्या. दिवा लागला, प्लग घातला की पहिला शब्द यायचा, "सलाम, कल्याण." त्यांच्याकडच्या ख्रिस्ती मंडळींत नमस्काराला सलामच म्हणतात, हे ताईंना पुढे कधीतरी कळलं. कधी औषधांची मागणी, कधी ठाण्याच्या सरकारी हॉस्पिटलला विचारणा. तीन मिनिटं झाली की ताई मध्ये बोलायच्या, "वेळ झाली, वाढवू का?" आणि हेमाबाई म्हणायच्या, "नको बाई, भागलं." एवढीच ओळख. चेहरा माहीत नाही, वय माहीत नाही. फक्त आवाज, आणि त्या आवाजाच्या मागे सतत वाजणारं काहीतरी. करकर असा लांब आवाज, मग ठक. पुन्हा करकर, ठक.

"ते काय वाजायचं याचाच मला छंद लागला," ताई म्हणाल्या. "रहाट म्हणावं तर इतक्या संथ चालीने नाही. दार म्हणावं तर दिवसभर कोण उघडझाप करतंय? पण विचारायचं कसं? लोकांच्या बोलण्यात पडायचं नाही, असा नियम."

तो नियम त्यांनी एकदाच मोडला. एप्रिलच्या एका दुपारी देवखोपचा दिवा लागला आणि त्या दिवशी सलाम आला नाही. हेमाबाई एका दमात म्हणाल्या, "ठाणे हॉस्पिटल, बाळंतपणाचे डॉक्टर, लाइटनिंग." लाइटनिंग म्हणजे सगळ्यांच्या आधी जोडायचा कॉल. ताईंनी जोडला. बाळ झालं होतं, ठीक होतं. पण आईचं रक्त थांबत नव्हतं. मिशनची जीप दुरुस्तीला कल्याणला आलेली. हेमाबाईंनी त्या बाईची खाटच ओढून फोनखाली आणली होती आणि रिसीव्हर मानेत धरून त्या बोलत होत्या.

पण तार थकलेली. ठाण्याच्या डॉक्टरांना देवखोपचं काही ऐकू जाईना, देवखोपला ठाण्याचं जाईना. मध्ये बसलेल्या ताईंना मात्र दोन्हीकडचं पुसट, पण समजेल एवढं ऐकू येत होतं.

"डॉक्टर," ताई मध्येच बोलल्या, "मी ऑपरेटर. मी सांगते तिकडे. तुम्ही बोला."

डॉक्टर म्हणाले, "पोटावर हात ठेवायला सांगा. बेंबीच्या खाली. घट्ट गोळा लागतोय का विचारा."

"डॉक्टर म्हणतात, बेंबीखाली हात ठेवा. गोळा घट्ट लागतोय का?"

"नाही," देवखोपहून बारीक आवाज आला. "मऊ आहे. कणकेसारखं."

"कणकेसारखं मऊ म्हणतायत."

"मग चोळा. गोल गोल, जोर लावून. आणि बाळाला लगेच अंगावर पाजायला घ्या."

असं किती वेळ चाललं ते ताईंनाही सांगता येत नाही. शेजारच्या मुलींनी त्यांच्या बोर्डावरचे बाकीचे दिवे आपल्याकडे घेतले. हळूहळू ताईंनी 'डॉक्टर म्हणतात' हे शब्द गाळले, कारण तेवढ्या वेळात आणखी एक सूचना पोचत होती. दाबा. एक हात वरून, एक खालून. आता घट्ट लागतंय? थोडं? थोडं म्हणजे चांगलं. डॉक्टरांनी दुसऱ्या फोनवरून मुरबाडहून सरकारी जीप सोडायला लावली. मग ते म्हणाले, "त्यांना सांगा, रक्त थांबल्यासारखं वाटलं तरी हात काढायचा नाही. जीप येईपर्यंत दाबून धरायचं."

ताईंनी तोंड उघडलं आणि देवखोपचा दिवा विझला.

त्यांनी प्लग काढला, घातला, पुन्हा काढला. टोकावड्याच्या पोस्टात फोन लावला, तिथून माणूस पाठवायची सोय नव्हती. ते एक वाक्य तोंडातच राहिलं. ती तार पुन्हा जोडली गेली नाही; आधी तांब्यासाठी चोरीला गेली, आणि पुढे मुरबाडला नवं एक्सचेंज आलं तेव्हा तिकडचे फोन ताईंच्या बोर्डावर यायचेच थांबले. काही वर्षांनी बोर्डही गेला. ताई बिलांच्या काउंटरवर बसल्या, मग तक्रारींच्या, आणि शेवटी स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी आल्या.

"पत्र टाकायचं नाही का?" मी विचारलं.

"हजारदा वाटलं." त्यांनी कप बशीत ठेवला. "पण उत्तर वाईट आलं असतं तर? तोपर्यंत निदान काय झालं असेल असा प्रश्न तरी होता. आता वय झालं. आता वाईट असलं तरी ऐकून घेईन."

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी आम्ही निघालो. पुढे ताई आणि आनंदराव, मागे मी आणि पोळीभाजीची पिशवी. कल्याण ओलांडलं, शहाडचा पूल उतरलो आणि मुरबाड रस्त्याला लागलो. रायत्याला उल्हास नदी लागली तेव्हा आनंदरावांनी दारावरचं हँडल पहिल्यांदा सोडलं. मुरबाडला चहा, टोकावड्याला चौकशी. मिशन कुठे म्हटल्यावर टपरीवाल्याने आधी गाडीकडे बघितलं, मग ताईंकडे.

"रस्ता काय खास नाही," तो म्हणाला. "जीप जाते. ही गाडी… बघा तुम्ही."

डांबर संपलं तिथे 'काम प्रगतीपथावर' असा निळा फलक होता. फलकाचा रंग उडालेला आणि त्याच्या पायाशी रुई वाढलेली, यावरून प्रगतीची कल्पना आली. पुढे नुसती खडी. मग खडीही संपली आणि लाल माती, तीत उघडे पडलेले दगड. माझ्या फोनवर एक करडी रेघ होती, ती एका जागी थांबली आणि तिच्यासोबत नेटवर्कही.

"आता?" मी विचारलं.

"आता काय, रस्ता आहे ना समोर," ताई म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकत होते. "अहो, काच खाली करा. मला आवाज ऐकू द्या."

"कसला?"

"गाडीच्या पोटाचा."

पहिल्या घसटीला आनंदरावांनी डोळे मिटले. दुसऱ्या घसटीला ते उतरले आणि काठी घेऊन पुढे चालायला लागले, कुठला दगड टाळायचा, कुठे चाक ठेवायचं ते दाखवत. साठीपुढचा माणूस रस्त्यावर वाकून हातवारे करतोय आणि मागून बायको फर्स्ट गिअरमध्ये रांगत येतेय, असं ते दृश्य होतं. एका वळणावर साग आणि कुडाच्या झाडीतून डोक्यावर गाठोडं घेतलेली एक बाई आली. तिने हे सगळं थांबून पाहिलं.

"मिशनात?" तिने विचारलं.

"हो. तुम्ही तिकडच्याच का? बसा ना," ताई म्हणाल्या.

बाईचं नाव शालन. गाठोड्यात वालाच्या शेंगा होत्या. त्या माझ्या शेजारी बसल्या आणि आनंदरावांचं काम आपोआप त्यांच्याकडे गेलं. "बये, डावीकडनं नको, तिथं गाडीचं पोट घासतं. तिकडं घे, झाडाच्या मुळावरनं. हां. आता सोड."

पुढे ओढा आला. पाणी नव्हतं, पण पात्रात कलिंगडाएवढे गोटे. ताईंनी गाडी थांबवली, उतरल्या आणि पदर खोचून पात्रातून पलीकडे चालत गेल्या, चालत परत आल्या. मग आम्ही सगळ्यांनी उतरून काही गोटे बाजूला लोटले. ताई एकट्याच बसल्या. गाडी खाली गेली, मधोमध डुलली, एक चाक हवेत फिरलं, दगड उडाला. आनंदराव ओरडले, "अगं, सोड! राहू दे!" आणि गाडी धापा टाकल्यासारखा आवाज करत पलीकडच्या काठावर चढली. ताईंनी हॉर्न वाजवला. गरज काही नव्हती.

"लई दिसांनी बाई गाडी घेऊन आली इथं," शालनबाई म्हणाल्या. "मागं गोऱ्या मडमा यायच्या म्हणं. घोड्यावर."

"तुम्ही पाहिल्यात?"

"मी कुठनं? माझ्या आजीनं."

चढ संपला आणि पठार लागलं. मोठमोठी जांभळाची झाडं, त्यांच्या मागे काळ्या दगडाचं चर्च, उतरतं कौलारू छप्पर. बाजूला बैठी लांब इमारत. तिथे आता मुलींचं वसतिगृह आहे, पण सुट्टीमुळे मुली घरी गेलेल्या. ताईंनी इंजिन बंद केलं. मी दार उघडत होते, एवढ्यात त्यांनी हात वर केला.

"थांब."

वाऱ्यावर आवाज आला. करकर… ठक. करकर… ठक.

ताई सीटवर बसूनच राहिल्या. मग दार उघडून, आवाज येत होता तिकडे जवळजवळ धावत गेल्या. चर्चच्या मागे विहीर होती आणि विहिरीवर लोखंडी मनोरा. वर पत्र्याच्या पात्यांचं मोठं चाक, निम्मी पाती गेलेली. वारा आला की चाक करकरत अर्धा फेरा घ्यायचं आणि खालचा दांडा नळीवर ठक्कन आपटायचा. पाणी काढायची पवनचक्की! कुण्या पाद्र्याने विलायतेहून भाग मागवून उभी केलेली, शालनबाई म्हणाल्या, आता पाणी येत नाही, मोटार आहे, पण मोडायला कुणी धजत नाही.

"पवनचक्की," ताई म्हणाल्या. "मला एकदाही सुचलं नाही बघा. माझ्या डोक्यात सगळं होतं, रहाट, चरक, घाणा. वारा नव्हता."

आनंदराव मान वर करून चाकाकडे बघत उभे होते. कारखान्यातला माणूस. "बेअरिंग गेलंय," ते म्हणाले. मग हळूच, "पण चीज भारी आहे."

चर्चला वळसा घालताना एका कोपऱ्यात दगडी चौथरे लागले. कबरी. इंग्रजी अक्षरं झिजलेली. ताईंनी बोटाने माती खरवडून काही वाचली. बहुतेक लहान मुलांच्या होत्या. गोऱ्यांची मुलं, दोन वर्षांची, चार महिन्यांची. तापाने गेलेली असावीत. एवढ्या लांबून येऊन माणसं इथे काय करत होती, घरी पत्रात काय लिहीत असतील, असं काहीतरी आनंदराव पुटपुटले, आणि मी त्यांच्याकडे वळून बघितलं, कारण असे प्रश्न सहसा ताईंचे असत.

"ताई," मी म्हटलं, "विचारायचं ना?"

"हो," त्या म्हणाल्या, पण पाय हलले नाहीत.

विचारलं शेवटी आनंदरावांनी. "इथे पूर्वी हेमाबाई म्हणून नर्स होत्या…"

"होत्या म्हणजे?" शालनबाईंनी बोट दाखवलं. "त्या काय, पडवीत बसल्यात."

दवाखान्याच्या पडवीत, उन्हात खुर्ची टाकून एक म्हातारी मांडीवरच्या सुपात शेंगदाणे निवडत होती. पांढरं लुगडं, जाड भिंगाचा चष्मा, चेहरा खारकेसारखा. आम्ही जवळ गेलो. ताई समोर उभ्या राहिल्या. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि अर्थातच कुणीच कुणाला ओळखलं नाही.

ताई म्हणाल्या, "सलाम."

म्हातारीने मान वर केली. "सलाम. कोण तुम्ही?"

"मी कल्याण."

"कल्याणहून आलात?"

"नाही. म्हणजे हो. पण मी कल्याण. एक्सचेंजमधली."

हेमाबाईंचा हात शेंगदाण्यांत तसाच राहिला. मग त्या म्हणाल्या, "वेळ झाली, वाढवू का?" आणि इतक्या हसल्या की सूप मांडीवरून घसरलं.

त्यांनी आम्हाला आत नेलं. दवाखाना बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण भिंतीवर फोनची लाकडी पेटी अजून होती. आत काही नाही, तार कापलेली. ताईंनी पेटीला हात लावला आणि हातही न काढता विचारलं, "एप्रिलमध्ये एक बाळंतीण होती. रक्त थांबत नव्हतं. लाईन गेली."

"हौसा," हेमाबाई लगेच म्हणाल्या. "खालच्या पाड्यावरची. जगली ना! दोघंही जगली. मुलगा बदलापूरकडे जेसीबी चालवतो."

ताईंनी पेटीला टेकून डोळे मिटले. आनंदराव पुढे झाले, पण ताईंनी हातानेच नको म्हटलं.

"त्या डॉक्टरीणबाईंची कृपा," हेमाबाई सांगत होत्या. "काय धीराची बाई! आवाज एवढासा यायचा, पण एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी इथल्या सगळ्यांना सांगितलंय, ठाण्याची डॉक्टरीणबाई होती म्हणून हौसा आहे. तुम्ही जोडून दिलात ना? नाव आठवतं का त्यांचं?"

मी ताईंकडे पाहिलं. आनंदरावांनी पाहिलं.

"बाई नव्हती," ताई म्हणाल्या. "डॉक्टर पुरुष होते. तुम्हाला त्यांचं ऐकू येत नव्हतं म्हणून मी सांगत होते."

"तुम्ही?"

"ते बोलायचे ते मी बोलत होते. मला काय कळतंय त्यातलं."

हेमाबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. "अगं बाई," त्या म्हणाल्या. "त्या खरखरीत आवाज ओळखूच आला नाही, मला वाटलं डॉक्टरांनी डॉक्टरीणबाईकडे फोन दिला. बरं झालं मला तेव्हा कळलं नाही. ऑपरेटर बोलतेय म्हटल्यावर माझे हातच गळाले असते."

"एक सांगायचं राहिलं होतं," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता खाली आला होता. "शेवटी डॉक्टर म्हणाले होते, रक्त थांबलं तरी हात काढू नका. जीप येईपर्यंत दाबून धरा. मी बोलणार तोच लाईन गेली. ते तुमच्यापर्यंत पोचलं नाही."

"नाही पोचलं," हेमाबाई म्हणाल्या. "पण मी हात काढलाच नाही."

"का?"

"थांब असं कुणी म्हणालंच नव्हतं ना! फोन मेला. मी म्हटलं, शेवटचं काय सांगितलं होतं? दाबा. मग दाबतेच आहे. दिवेलागणीला जीप आली तोवर बोटं अशी वळली होती की मला कुणीतरी भाकरी भरवली." त्यांनी हात पुढे करून बोटं आखडून दाखवली.

ताईंनी तो हात दोन्ही हातांत घेतला. बऱ्याच वेळाने त्या रडल्या, आवाज न करता, आणि हेमाबाई दुसऱ्या हाताने लुगड्याला चिकटलेली शेंगदाण्यांची सालं झटकत राहिल्या.

शालनबाई मधल्या वेळात पाड्यावर जाऊन हौसाबाईंना घेऊन आल्या. साठीच्या, काटक, कपाळावर गोंदण. त्यांना सगळं सांगण्यात आलं. ही बाई, तो फोन, ती दुपार. हौसाबाईंनी मनापासून ऐकलं आणि म्हणाल्या, "मला काय ठावं? मी बेसुद होते. तहान लागलेली, तेवढं आठवतं." मग त्यांनी अंगणात उभ्या असलेल्या गाडीकडे हनुवटी केली. "ही तू आणलीस? ओढ्यातनं?"

"हो."

"नवऱ्याला येत नाही?"

"नाही येत."

हौसाबाईंनी आनंदरावांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. आनंदराव म्हणाले, "मी काठी घेऊन पुढे चालतो." यावर चारही बायका हसल्या, पाचवी मी.

जेवणं झाली. पोळीभाजी, वालाची उसळ, नाचणीची भाकरी. ताईंनी हौसाबाईंना त्या दिवसाबद्दल आणखी काही विचारायचा प्रयत्न केला, पण हौसाबाईंचेच प्रश्न संपत नव्हते. हा पाय कशाला? तो पाय कशाला? मागं जायचं तर मान वळवायची की आरशात बघायचं? भ्या नाही वाटत? माझ्या पोराच्या जेसीबीला किती दांडे आहेत माहीत आहे का? निघायच्या वेळी त्या म्हणाल्या, मला टोकावड्यात चष्म्याची काडी बसवायचीय, चल. आणि सरळ पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. आनंदराव निमूट माझ्याशेजारी मागे आले.

हेमाबाई पडवीतून उठल्या नाहीत. हात वर केला फक्त. गाडी वळवताना ताईंनी काच खाली करून विचारलं, "आता गावात काय सांगणार? डॉक्टरीणबाई की ऑपरेटर?"

"दोन्ही सांगेन," हेमाबाई म्हणाल्या. "एवढ्या वर्षांनी गोष्टीत जरा भर पडली तर लोक ऐकतील तरी."

ओढ्यात उतरताना हौसाबाईंनी डॅशबोर्ड घट्ट धरला, पण डोळे मिटले नाहीत. त्या ताईंच्या पायांकडेच बघत होत्या. पलीकडे चढल्यावर त्यांनी हॉर्नवर बोट ठेवायची परवानगी मागितली आणि टोकावड्यापर्यंत, गुरं दिसोत न दिसोत, तो वाजवला. बाजारात उतरल्यावर आभार वगैरे काही नाही. केळ्यांचा अर्धा फणा खिडकीतून माझ्या मांडीवर टाकला आणि चष्म्याच्या दुकानाकडे निघून गेल्या.

मुरबाड गेलं. ऊन उतरत होतं. आनंदराव पुन्हा पुढे आले होते आणि त्यांना डुलकी लागली होती. बायको गाडी चालवत असताना ते झोपल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं. रायत्याच्या पुलावर ताई अचानक म्हणाल्या, "अहो."

"हं?"

"ते डॉक्टर. त्यांनाही कुणी कळवलं नसेल ना, की ती जगली?"

आनंदराव जागे झाले. त्यांनी केळं सोललं, अर्धं तोडून ताईंच्या तोंडाजवळ धरलं. "आधी खा," ते म्हणाले. "मग बघू."

पुढच्याच आठवड्यात ताई गाडी घेऊन ठाण्याच्या त्या हॉस्पिटलला गेल्या. त्या काळचे डॉक्टर कोण, हे तिथे कुणाला सांगता आलं नाही. एका निवृत्त परिचारिकेने दोन नावं सुचवली. त्यातले एक वारले आहेत. दुसरे वसईकडे असतात म्हणे. पत्ता नीट नाही, आणि तो रस्ता ताईंनी अजून पाहिलेला नाही.